पन्हळीतले दोघे

३ फेब्रुवारी

प्रिय भुंग्या,

तुझं पाकीट मिळालं. जाडजूड होतं, मला वाटलं फोटो असतील. निघाला वृद्धनिवासाचा अर्ज. वर सुबक अक्षरांत छापलंय, 'विस्मरण व भ्रम असलेल्यांसाठी स्वतंत्र कक्ष'. दोन्ही मुलांच्या सह्या लागतात म्हणे. तुझी तू करून टाकलीस आणि माझ्या नावापुढे पेन्सिलीने फुली मारून ठेवलीस, म्हणजे ताईचं चुकायला नको. मी शाळेत शिकवते रे. सही कुठे करायची ते मला कळतं.

फोनवर बोलता आलं असतं, पण तू फक्त रविवारी आईला फोन करतोस, माझा घेत नाहीस. बाबांच्या अंत्यविधीला मी चारचौघांत तुला बोलले ते तुला झोंबलं, मान्य. तू त्यांना जेवणाच्या टेबलावर म्हणाला होतास, "बाबा, तुमचं रेडिओ केंद्र आता कोणीही ऐकत नाही," तेही त्यांना झोंबलं होतं. त्यानंतर ते तुझ्याशी बोलले नाहीत आणि मग बोलायला राहिलेच नाहीत. असो. पत्र फाडता येतं, पण आधी उघडावं तरी लागतं, म्हणून लिहून कुरिअरने पाठवते आहे.

आता आईविषयी. ती सकाळी उठते, स्वतःचं सगळं करते, पत्त्यांत मला लुबाडते आणि वर "तुझं लक्षच नव्हतं" म्हणून माझी समजूत घालते. औषधांच्या वेळा तिला माझ्याहून पक्क्या आठवतात. फक्त दुपारी जेवण झालं की ती स्टूल उचलून मागच्या अंगणात नेते. छपराची लोखंडी पन्हळ कोपऱ्यात जिथे उभ्या नळीला जोडली आहे ना, तिथे भिंतीला लागून बसते. त्या सांध्याकडे कान करते. मधेच हसते. मग स्टूल घेऊन आत येते आणि आडवी होते.

विचारलं तर म्हणते, "दोघं बोलतात."

"कोण दोघं?"

"तुझे बाबा आणि भुंग्या. आजही त्यानं सात खाल्ला."

हेच तिने तुला सांगितलं आणि हेच डॉक्टरांनाही. डॉक्टरांनी तोंड बारीक करून कागदावर 'श्रवणभ्रम' लिहून दिलं. तू घाबरलास ते मी समजू शकते. नवरा गेलेल्या बाईला नवऱ्याचा आवाज येतो, एवढ्यावर कोणी अर्ज मागवत नाही. पण तू धडधाकट आहेस, साता समुद्रापार नोकरी करतोस, आणि तुझाही आवाज पन्हळीतून यावा? तोही दूधदातांच्या वयाचा?

मी स्वतः तिथे जाऊन उभी राहिले. मला काहीही ऐकू आलं नाही.

सही करीन. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिला न्यायचं म्हणतोस, तोवर अवकाश आहे.

शाळेत सध्या रेडिओ शिकवते आहे. पुस्तकात बाण आहेत, वळणावळणाच्या रेषा आहेत, सूत्र आहे. सगळं बरोबर, आणि वर्गातल्या एकाही चेहऱ्यावर काही हलेना. मग पुस्तक मिटलं आणि बाबांचं फाटक बाहेर काढलं. आठवतं? केंद्राच्या मनोऱ्यावरून सुटलेली लहर तारेतल्या विजेला क्षणात पुढे ढकलते, क्षणात मागे ओढते. कानाला लावायच्या डबीतल्या पातळ पत्र्याने करायचं काय? जितकं पुढे, तितकंच मागे, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत हजारो वेळा. बिचारा जागचा हलतच नाही. दारातून जितकी माणसं आत, तितकीच बाहेर, खोली रिकामीच. आता दाराला फक्त आत उघडणारं फाटक लाव. बाहेर रेटा वाढला की खोली भरते, रेटा कमी झाला की मागच्या दाराने ओसरते. त्या भरण्या-ओसरण्यावर पत्रा हलतो आणि पत्रा हलला की माणूस बोलतो. बाबांच्या घरगुती रेडिओतला तो काळपट खडा आणि त्यावर टेकवलेली सुई, हे ते फाटक. बॅटरी नाही, भिंतीत प्लग नाही. बोलणाऱ्याची ताकद हीच ऐकणाऱ्याची ताकद.

मी अख्ख्या वर्गाला दारातून ढकलाढकली करायला लावली. शेजारच्या वर्गाच्या बाई तक्रार घेऊन आल्या, पण पोरांना कळलं. या फाटकाला 'डायोड' म्हटलं की मुलं वहीत लिहून घेतात आणि प्रश्न तिथेच मरतो. ज्यांनी पहिल्यांदा हे समजावलं त्यांच्याकडे नाव नव्हतं, म्हणून त्यांना दार, झोका, तळ्यातला दगड असं जवळचं काहीतरी शोधावं लागलं. तुझ्या चिपमध्ये अशी कोट्यवधी फाटकं असतील, पण तू कधी कोणाला दारातून चालवलं नसशील.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

भुंग्या,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मला ऐकू आलं होतं.

तेव्हा लिहिताना वाटलं, नको, याच्या हातात आणखी एक अर्ज द्यायला नको. आई आणि ताई, दोघींना एकाच कक्षात टाकून मोकळा होशील. पण आज पुन्हा ऐकलं आणि आता कोणाला तरी सांगितलं नाही तर माझं डोकं फिरेल.

पहिल्यांदा ऐकलं ती सुट्टीच्या दिवसाची भर दुपार होती, लख्ख ऊन. आई आत जेवत होती, मी दोरीवर चादरी वाळत घालत होते. कोणीतरी बोललं. शेजारी असेल म्हणून मी मान वळवली, तर शेजाऱ्यांचं दार बंद. पुन्हा बोललं. आवाज बारीक होता, किरकिरा, दातात काहीतरी धरून बोलावं तसा. मी सांध्याजवळ गेले. बाबांचा आवाज होता. त्यांच्यासारखा होता असं मी म्हणत नाहीये. बाबांचाच होता. शब्दाच्या शेवटी ते श्वास सोडायचे ना, तोही होता.

"...ऐकू येत असल्यास कृपया कळवा."

आणि मग तू. बोबडा, घाईघाईत. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ..."

"सात कुठे गेला?" बाबांनी विचारलं. "खाल्लास?"

मग एक लहान मूल खदखदून हसलं, आणि सगळं बंद. पन्हळ पुन्हा पन्हळ झाली.

माझी पाचावर धारण बसली. हातातली चादर मातीत पडली. बाबांची भीती नाही वाटली, खरं सांगते. गेलेल्या माणसाचा आवाज यावा असं आपल्याला कुठेतरी आत वाटतच असतं. भीती तुझी वाटली. तू कुठेतरी बरा आहेस, घोरत झोपला असशील, आणि इथे तुझं एक लहानसं भूत दुपारच्या उन्हात हसतंय. क्षणभर असं मनात आलं की तुलाच काहीतरी झालं. मी आत धावले आणि तुला फोन लावला. तू नेहमीप्रमाणे कापलास. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू. म्हटलं, कापतोय म्हणजे जिवंत आहे.

आई दारात येऊन उभी होती. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "ऐकलंस ना?"

मी म्हटलं, "काय?"

तिने चादर उचलली, झटकली आणि पुन्हा धुवायला टाकली.

आता मी घरी उशिरा येते. मुलांच्या वह्या शाळेतच तपासत बसते. आईचं वेड मला लागलं असेल तर लागो, पण ते वाढताना बघायचं धाडस नाही. अर्ज माझ्या पर्समध्ये आहे. काढते, घडी उघडते, पुन्हा ठेवते. एकदा तर पेनही काढलं होतं.

ताई


१५ फेब्रुवारी

भुंग्या,

बस खाली. उभा असशील तर बस.

काल वर्गात ब्लेडचा रेडिओ करून दाखवत होते. खडा मिळत नाही हल्ली, म्हणून बाबांची दुसरी युक्ती: जुनं दाढीचं ब्लेड आणि त्याला टेकवलेली पिन. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, जुनंच का? नवं चकचकीत घ्या की." मी बाबांच्याच शब्दांत सांगायला लागले, "नव्या लोखंडाचं दार सताड उघडं असतं, दोन्हीकडून येजा. त्यावर गंजाची, काजळीची पातळ साय धरली की फाटक होतं..." आणि पुढचा शब्द तोंडातच राहिला. मुलं बघत बसली. मी त्यांना तसंच सोडून घरी निघाले. मुख्याध्यापकांनी विचारलं तर मी म्हणाले, "पन्हळ बघायची आहे." ते बिचारे "बरं" म्हणाले.

तुला आठवतं का, बाबा दर वर्षी अंगणातलं सगळं लोखंड खरवडायचे? पन्हळ, खिडक्यांचे गज, फाटकाची कडी. खरवडून लाल रंग आणि वर करडा रंग. आपण चेष्टा करायचो, की शेजारी पोरांना न्हाऊमाखू घालतात, आपले बाबा पन्हळीला. मनोऱ्याच्या इतक्या जवळ राहणाऱ्यांना ते करावंच लागायचं. इथली हवाच लहरीने भरलेली. अंगणात ट्यूबलाइट नुसती हातात धरली तरी मिणमिणायची, आणि कपडे वाळवायच्या तारेचा आईला चिमटा बसायचा म्हणून बाबांनी तार काढून दोरी बांधली. लोखंडाला लोखंड नुसतं टेकलेलं आणि मधे गंज, असं काही राहिलं की फाटक तयार. मग पत्रा बोलायला लागतो. बाबा गेल्यापासून पन्हळ कोणी खरवडली आहे? मी नाही. तू तर नाहीच.

मी शिडी लावली. नळीला पन्हळ धरून ठेवणारी पट्टी गंजून फुगली आहे. दुपारी आवाज सुरू झाला तेव्हा मी लाकडाच्या काठीने पट्टी दाबली. बाबा गप्प. काठी सोडली. बाबा बोलायला लागले. पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. भुंग्या, मी रडत होते आणि प्रयोगही करत होते. बाबांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, एका वेळी एकच काहीतरी कर.

पण फाटक उघडलं म्हणून खोलीत माणूस येईलच असं नाही. बाहेर कोणीतरी बोलायला हवं. केंद्राचे कार्यक्रम तर बाबा गेले त्याच वर्षी बंद झाले. मग मी केंद्रावर गेले. आता तिथे एकटे फ्यूजकाका आहेत, खिशात कायम फ्यूज बाळगायचे ते. पाठीत वाकलेत, खिसा अजून फुगलेला आहे. मी विचारलं तर ते ओशाळले.

"अगं, ट्रान्समीटर बंद ठेवला की दमट होतो. मग चालू करताना फाडकन उडतो. म्हणून दुपारी थोडा तापवतो. नुसता कशाला तापवायचा, म्हणून चाचणीची टेप लावतो. केंद्राची टेप कधीच चिकटून गेली, तुझ्या बाबांची ही एवढी धड राहिलीय. कोणाला त्रास होतो का? कोण ऐकतं आता!"

मी म्हटलं, "आई ऐकते."

तर असं आहे. आवाज खरा आहे. तू चार-पाच वर्षांचा असताना एका रविवारी बाबांनी तुला केंद्रावर नेलं होतं आणि गंमत म्हणून चाचणीच्या टेपवर तुला आकडे म्हणायला लावले होते. तुला आठवत नसेल. मी त्या दिवशी सहलीला गेले होते, म्हणून मलाही ठाऊक नव्हतं. भोकं भोकं असलेल्या भिंतींची ती खोली मी काल पाहिली. टेबल तेच आहे. तू त्यावर बसला होतास म्हणे, कारण खुर्चीवरून माइकपर्यंत पोचत नव्हतास.

मी धावत घरी आले. आईला म्हटलं, "आई, तुला वेड लागलेलं नाही!" आणि सगळं समजावलं. लहर, गंज, फाटक, टेप, सगळं. ती भाजी निवडत शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "माहितेय मला."

"काय माहितेय?"

"टेपच आहे ती. भरत होते तेव्हाच ती केंद्रावरून थेट जात होती, आणि इथेच बसून मी खड्याच्या रेडिओवर ऐकली होती. रेडिओवाल्याच्या घरात जन्म काढला मी. पट्टी गंजलीय हे मला तुझ्याआधी दिसलं."

"मग सांगायचं नाही का!"

"सांगितलं की. पन्हळीतून दोघं बोलतात म्हटलं. भूत बोलतं असं कुठे म्हटलं? तू विचारलंस, कोण. डॉक्टरने विचारलं, केव्हापासून. भुंग्याने विचारलं, झोप लागते का. कसं, असं तुम्हा शिकलेल्या मंडळींपैकी एकाने तरी विचारलं?"

मी हात टेकले. मग विचारलं, टेप आहे हे माहीत असताना रोज का बसतेस उन्हात? तिने भाजीवरून मान वर केली नाही.

"ते रोज म्हणतात ना, ऐकू येत असेल तर कळवा. कळवायला आता कुठली सोय नाही. निदान ऐकायला तरी कोणी बसावं."

अठ्ठावीस तारखेला मनोरा कायमचा बंद होणार आहे. फ्यूजकाकांनीच सांगितलं, नंतर तो कापून नेणार आहेत. तोवर रोज दुपारी तू इथे असतोस, टेबलावर बसून पाय हलवत. येऊन ऐकून जा.

ताई


२२ फेब्रुवारी

भुंग्या,

माझ्या तीन पत्रांना तुझा दोन ओळींचा मेसेज आला. 'ठीक. मग पन्हळ रंगवून घेऊ, प्रश्न मिटेल. घर गिऱ्हाइकांना दाखवायला काढायचं आहेच, रंगारी सांगून ठेवलाय.'

तुझा रंगारी आला. मी शाळेत होते. आई देवमाणूस, दारात आलेल्याला पाणी देते, चहा देते. तिला वाटलं खिडक्यांना रंग द्यायला आलाय. त्याने आधी खिडक्या घेतल्या आणि आई दुपारची आडवी झाल्यावर पन्हळ. माणूस कामाचा पक्का, त्याला नावं ठेवायला जागा नाही. पट्टी काढून चकचकीत होईपर्यंत घासली, लाल रंग दिला, वर करडा दिला, नवा बोल्ट आवळून बसवली. थेट बाबांनी केलं असतं तसं. गंजाचं ते फाटकच उखडून नेलं त्याने, आणि जाताना अंगणही झाडून गेला.

दुसऱ्या दुपारी आई स्टूल घेऊन बसली. वेळ झाली, वेळ टळली. ती बसूनच. मी म्हटलं, चल आत, तर आली. तेव्हापासून ती बोलत नाही. रागाने नाही रे. तिच्याकडे बोलायला काही उरलेलं नाही, असं. ताटातलं चिवडते आणि ठेवते. पत्ते वाटले तर हातात धरून बसते. काल मी मुद्दाम चुकीचं पान टाकलं, तरी तिने उचललं नाही.

फ्यूजकाकांना म्हटलं, टेप द्या, घरी लावते. ते लगेच तयार झाले. आईला विचारलं तर तिने नुसती मान हलवली, नको म्हणून. मला कळलं. टेप लावली तर ती आपण लावलेली असणार. पन्हळीतून ते आपले आपण यायचे.

तुला खरं सांगू? आता ती खरोखरच त्या अर्जातल्या बाईसारखी दिसायला लागली आहे. तू आज आलास तर म्हणशील, बघ ताई, मी सांगत नव्हतो? आपण तिला आधी वेडी ठरवली आणि मग तिला तसं करून दाखवलं. त्यात माझीही दिरंगाई आहेच, पण रंगारी तुझा.

मी हात बांधून बसलेली नाही. बोल्ट सैल केला, रंग खरवडला, मीठपाणी मारलं, लिंबू चोळलं. लालभडक गंज आला, हाताला लागला, आवाज नाही आला. फ्यूजकाका शिडीखाली उभे राहून सल्ले देतात आणि म्हणतात, त्यांचं काम बोलण्याचं होतं, ऐकण्याचं कधी केलं नाही. मला शिकवता येतं भुंग्या, पण ती नेमकी जागा सापडत नाही. खड्यावर सुई फिरवताना आपण दोघं भांडायचो. मी नियमाने ओळीने शोधायची, तू डोळे मिटून कुठेतरी टेकवायचास आणि गाणं सुरू. बाबा म्हणायचे, याच्या बोटांना कान आहेत. ती बोटं पगारासाठी कुठे कुठे फिरत असतील. थोडी इकडे वळव.

येणार नसशील तर निदान सांग, मी काय चुकते आहे.

ताई


१ मार्च

भुंग्या,

अर्ज सोबत परत पाठवते आहे. तुझी फुली मी खोडरबराने खोडली. तुझी सही शाईतली आहे, तिचं काय करायचं ते तू बघ.

तुझा मेसेज अठ्ठावीसच्या सकाळी पोचला. 'मीठ नको, ताजा गंज नुसती माती. ब्लेड गॅसवर निळं होईपर्यंत तापव, हळू. रंग खरवडून पट्टीखाली सरकव, कडा टेकेल इतकंच. बोल्ट अर्धा सोड. जोरात दाबू नको, तू नेहमी जोरात दाबतेस.' एवढं लांबलचक तू मला कित्येक वर्षांत लिहिलं नव्हतंस. शेवटचं वाक्य वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. आई बघत होती. ब्लेड चिमट्यात धरून गॅसवर नेलं तशी ती उठली, माझ्या हातातून चिमटा घेतला आणि म्हणाली, "हळू म्हटलंय ना त्यानं." आठवड्याभरातलं तिचं पहिलं वाक्य. मेसेज तिने कधी वाचला, मला ठाऊक नाही. ब्लेडवर आधी पिवळी झाक आली, मग जांभळी, मग निळी. आईने अगदी वेळेवर बाजूला घेतलं.

पुढचं तू फोनवर ऐकलंस. पण तुला काहीही दिसत नव्हतं, म्हणून लिहिते.

फोन आईच्या हँडसेटवरून लावला होता. रविवार नव्हता, तरी तू घेतलास. आई स्टूलवर होती, मी शिडीवर, एका हाताने फोन सांध्यापाशी धरलेला, दुसऱ्या हाताने बोल्ट. आधी नुसती खरखर झाली. तू विचारलंस, "आहे का काही?" आणि मी म्हटलं, "गप." मग मी बोल्ट सोडला, अगदी थोडा. दाबला नाही.

"ही चाचणी आहे," बाबा म्हणाले.

आईने पदर तोंडाला लावला. आवाज बारीक होता, पूर्वीहून बारीक, पण शब्द न् शब्द कळत होता. ऐकू येत असल्यास कृपया कळवा. मग तू. एक, दोन, तीन. मला फोनमधून तुझा श्वास ऐकू येत होता आणि पन्हळीतून तुझे आकडे. एकाच माणसाचे दोन्ही. चार, पाच, सहा, आठ.

"सात कुठे गेला?" बाबांनी विचारलं.

आणि फोनमधून तू म्हणालास, "सात."

जाडा, बसका, मोठ्या माणसाचा आवाज. टेपवरचं पोर खदखदून हसत होतं आणि तू पुन्हा म्हणालास, "सात, बाबा."

फ्यूजकाका रोज टेप तिथेच बंद करायचे. पुढे नुसती घरगुती बडबड आहे म्हणून. काल शेवटचा दिवस, त्यांनी चालूच ठेवली. म्हणून ते आपल्यापैकी कोणी कधी ऐकलं नव्हतं, आई सोडून. टेबल करकरलं. तू विचारलंस, "बाबा, कोण ऐकतंय?" बाबा म्हणाले, "आई ऐकते की. नीट बैस, पडशील." आणि मग घुं असा लांब आवाज, तो खाली खाली गेला आणि संपला. फ्यूजकाकांनी खटका ओढला होता. त्याच क्षणी तू फोन ठेवलास. लाइन गेली नव्हती, मला माहीत आहे.

तू ठेवल्यानंतरचं सांगते. मी शिडीवरून उतरले. मला वाटलं, आता ही कोसळणार. आई पन्हळीकडे बघत बसली होती. मग उठली, स्टूल उचललं, एका हाताने पदर सारखा केला आणि घरात जाता जाता, मला नाही, पन्हळीला म्हणाली,

"ऐकलंत ना? कळवलं त्यानं."

मग आत जाऊन तिने ताट वाढून घेतलं.

ताई